साठ दिवसांची नोटीस आली: विकायचं, तडजोड करायची की लढायचं?

हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांत, जातं आणि बँकेतून फोन करणारा माणूस बदलतो. ओळखीचा शाखाधिकारी बाजूला होतो, वसुली विभाग पुढे येतो. घर किंवा गाळा तारण असेल तर २००२च्या सरफेसी कायद्याची, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याची, कलम १३(२)ची नोटीस येते: ६० दिवसांत सगळी बाकी भरा. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पक्कं केलं.

माझ्या मते पहिला विचार स्वतः विकण्याचा करावा. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण विकता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक घेऊनच बँकेत जा. फरक किमतीत पडतो. तुमचं गिऱ्हाईक घर आतून बघतं, शेजाऱ्यांशी बोलतं. लिलावात बोली लावणारा 'जशी आहे तशी' मालमत्ता घेतो. सोसायटीची थकबाकी किती, आतला माणूस निघेल का, ही सगळी धास्ती तो बोलीतून वजा करतो. पहिला लिलाव रिकामा गेला की पुढच्या वेळी राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान पातळी, बहुधा खाली येते. वर लिलावाचा खर्चही तुमच्याच खात्यावर.

विकायचं नसेल, पण कुठून तरी रक्कम उभी राहत असेल, तर एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस. इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. तारण भक्कम असलं की बँक जास्त सूट देईल असं वाटतं, होतं उलटं. विकून पूर्ण पैसे मिळणार असतील तर ती व्याज तरी का सोडेल? तारण कमकुवत असेल तिथेच ती नमते. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो, पुढच्या कर्जाच्या वेळी तो आडवा येतो. आणि 'कर्ज निर्लेखित (राइट-ऑफ) झालं' असं कानावर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. निर्लेखन हा बँकेच्या ताळेबंदाचा मामला, तुमचं देणं तसंच राहतं.

हीच तडजोड लोक अदालतीत केली तर निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ मिळतं, त्यावर अपील नाही. बँक नंतर शब्द फिरवेल अशी धाकधूक असेल तर हा मार्ग बरा. पण लक्षात ठेवा, तुम्हालाही मग मागे फिरता येत नाही.

राहिली लढाई. दिवाणी न्यायालयाचं दार कलम ३४ने बंद. जायचं ते कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत. मुदत ४५ दिवस, पण ती १३(२)च्या नोटिशीपासून नव्हे, बँकेने ताब्याची कारवाई केल्यापासून. अधिकारी येतात, दारावर नोटीस चिकटवतात, फोटो काढतात. मग दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, तुमचं नाव चतुःसीमेसह छापून येतं. 'धंदा बुडाला' हे तिथे कारण चालत नाही. चालतं ते असं: तारण शेतजमीन आहे, मुद्दल-व्याजाची बाकी २० टक्क्यांहून कमी उरलीय, किंवा १३(२)च्या नोटिशीवरच्या तुमच्या लेखी हरकतीला बँकेने १५ दिवसांत उत्तरच दिलेलं नाही. म्हणून हरकत पाठवायचीच, पोच घेऊन. असा दोष सापडला तर जरूर लढा. नुसता वेळ काढायला जाल तर व्याज चढत राहील. बाकी भरून तारण सोडवायचा हक्कही २०१६च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच उरलाय. लिलावाच्या सकाळी पैसे घेऊन धावणाऱ्याला उशीर झालेला असतो.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गणित वेगळं. तिथे सरफेसी नसतो, सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला असतो. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या पातळीवर फेरतपासणीला, जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. लढाई तिथे जास्त महाग पडते.

जामीनदारानेही हे वाचावं. कर्जदाराला सोडून बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते; १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ तुमची जबाबदारी त्याच्याइतकीच धरतं. मित्र ओटीएस करतोय असं कळलं तर पत्राची प्रत मागा. 'जामीनदार मुक्त' असं त्यात लिहिलेलं नसेल तर त्याने पहिला पैसा भरायच्या आत ते लिहून घ्या.