मजकूर सोपा करून हवाय? आधी अडतंय कुठे ते बघा

फोंड्यात आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन गाऱ्हाणी आली. सहावीतल्या भाच्याला डिस्लेक्सिया आहे. धडा ऐकला की कळतो, वाचताना मात्र ओळ सुटते. आणि शेजारच्या काकांना मामलेदारांची नोटीस आलेली, इंग्रजीत. दोघांचं मागणं एकच: ‘सोपं करून देणारं काहीतरी बघ.’

भाच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा इमर्सिव्ह रीडर घेतला. एज ब्राउझरमध्ये तो फुकट मिळतो. अक्षरं मोठी करा, अंतर वाढवा, एका वेळी एक, तीन किंवा पाचच ओळी उजळ ठेवा. वाचून दाखवायला आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज आहेत. वाक्यं मात्र तशीच राहतात, आणि पाठ्यपुस्तकासाठी मला तेच हवं होतं. परीक्षेत प्रश्न पुस्तकातल्याच भाषेत येणार ना!

रिवर्डिफाय ही साइट अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द घालते आणि मूळ शब्दही दाखवते. पण ती फक्त इंग्रजीपुरती. कॉलेजच्या पोरांना ठीक, काकांना निरुपयोगी.

मग चॅटबॉट. ‘सातवी शिकलेल्या, साठी उलटलेल्या माणसाला कळेल अशा मराठीत सांग’ म्हटलं की तो खरंच तसं सांगतो. माणूस बघून मजकूर बदलण्याचं हे काम बाकी दोघांना जमत नाही. काका खूश झाले. मी मूळ कागद शेजारी धरला आणि चरकले. ‘मुंडकार’चं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेतल्या घरात राहणाऱ्याचं, ‘भाडेकरू’ झालेलं! आपल्या गोव्याच्या 1975च्या मुंडकार कायद्यात घराचं भाडं भरणारा मुंडकार धरलाच जात नाही. म्हणजे एका सोप्या शब्दात काकांचा दावाच बुडत होता. ‘गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल’ याचंही नुसतं ‘कृपया उपस्थित राहा’ केलेलं. गोड भाषा, पण धमकी गायब.

तेव्हा शाळेसाठी डोळे झाकून रीडर घ्या. सरकारी कागदाला चॅटबॉट वापरायचाच तर नाव आणि सर्व्हे नंबर आधी काढून टाका. ‘मुंडकार, भाटकार, कूळ हे शब्द बदलू नकोस; तारखा आणि अटी वेगळ्या लिही’ असं बजावा, आणि आलेलं उत्तर मूळ कागदाशी ओळीला ओळ लावून बघा.

दुसऱ्यांदा मजकूर नीट आला. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला नि म्हणाले, “म्हणजे वकिलाकडे जायचंच तर.”

“जायचंच. पण आता काय विचारायचं ते ठाऊक आहे ना?”