मर्लिन बर्ड आयडी ॲप: नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला निघालेल्या नवख्यांसाठी

कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं पक्षी ओळखणारं हे ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक उतरवून घेतला की नेटशिवायही चालतं. पॅक जड असतो, तेव्हा तो आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर घेऊन ठेवा. अभयारण्याच्या चापडगावच्या गेटवर उभं राहून डाउनलोडची पट्टी बघण्यात सकाळ घालवू नये.

पक्षी ओळखायच्या वाटा तीन: प्रश्न, फोटो, आवाज. नवखे थेट आवाजाकडे धावतात. सुरुवात मात्र प्रश्नांपासूनच करावी, कारण ते आधी पक्ष्याकडे नीट बघायला लावतात. कुठे दिसला, कधी दिसला, केवढा होता, मुख्य रंग कोणते (तीनपर्यंत) आणि काय करत होता, बस्स.

गडबड होते ती आकारात. मापाला चिमणी, रॉबिन, कावळा आणि गूज (कलहंस) दिलेत. यातला रॉबिन अमेरिकेतला, साधारण 25 सेंमीचा. आपला चीरक (इंडियन रॉबिन) त्याहून बराच लहान, म्हणून तिथे सरळ साळुंकी धरा. पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो. जवळपास वारकरी (कूट) पक्षी पोहत असेल तर त्याच्याशी ताडून बघा. रंगासाठी ऊन पाठीवर घ्या. सूर्य समोर असला की पक्षी बघायच्या टॉवरवरून सगळीच बदकं काळी दिसतात.

फोटोवरून ओळख चांगली होते, पण पक्षी चौकटीत मावेल इतका मोठा करून द्यायला हवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ठिकाण आणि तारखेची माहिती सहसा उरत नाही, ती हाताने भरा. जानेवारीतला फोटो मे महिन्यात तपासताना आजची तारीख तशीच राहिली, तर हिवाळी पाहुणे यादीत मागे पडतात आणि भलतंच नाव वर येतं.

चित्रबलाक, चमचा, शेकाट्या या पक्ष्यांना ॲप क्वचितच चुकतं. खरी परीक्षा चिखलाच्या कडेला. तिथे तपकिरी पाठीचे तीन सँडपायपर (पाणकाठी फिरणारे लहान पक्षी) दिसू शकतात: कॉमन, ग्रीन आणि वुड. लांबून काढलेल्या धूसर फोटोवर पहिलं आलेलं नाव लगेच लिहून टाकू नका. कॉमनच्या खांद्यापुढे छातीची पांढरी पाचर वर शिरलेली असते आणि त्याचं ढुंगण सारखं खालीवर होत असतं. वुडची भुवई लांब व पांढरी, पाठीवर ठळक ठिपके, पाय पिवळसर; पण चिखलाने माखले की पायांचा रंग विसराच. ग्रीन वरून गडद दिसतो. तो उडाला की पंखांची खालची बाजू काळपट आणि कंबर पांढरीशुभ्र दिसते. वुडची कंबरही पांढरीच, पण पंख खालून फिकट. म्हणजे पक्षी उडेपर्यंत थांबायचं, आणि उडताना नजर फोनवर नको, पंखाखाली हवी.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या बदकांचंही तसंच. तेव्हा बरेच नर मादीसारखे तपकिरी असतात, म्हणून पिसाऱ्यापेक्षा चोच बघा: थापट्याची फावड्यासारखी रुंद, तर इथेच बारमाही राहणाऱ्या हळदीकुंकू बदकाची टोकाला पिवळी.

आवाजाची सोय पाणकणसात दडलेल्या वटवट्यांसाठी उत्तम. शेतातली मोटार, वारा आणि टॉवरवरच्या गप्पा तिला मारक. शिवाय कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे पडद्यावर शिक्रा उमटला तरी झाडावर कोतवाल निघू शकतो. पक्षी पुन्हा बोलला की यादीतलं त्याचं नाव उजळतं. तसं दोन-तीनदा होऊ द्या, मग आवाजाच्या दिशेने दुर्बीण लावा. एकदाच चमकून गेलेलं नाव यादीत घालणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे.

एकट्या फोनच्या भरवशावर मात्र जाऊ नका. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण हवीच, आणि पहिल्या फेरीला चापडगावचा स्थानिक गाईड घ्या; पाणथळीतला कोणता पक्षी कुठल्या कोपऱ्यात बसतो हे त्याला ठाऊक असतं. तरीही बदक ओळखू आलं नाही, तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत ‘डक एसपी.’ (जात न ओळखलेलं बदक) अशी नोंद करता येते. ती बिनदिक्कत करा.