अर्ध्या नावाचा संगणक, पूर्ण किमतीत

कोटेशन एका ओळीचे होते : ‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, घराच्या डिझाइनची सगळी सॉफ्टवेअर लाइफटाइम लायसन्ससह, ४६,००० रुपये.’ यातल्या पहिल्या तीन गोष्टी शब्दशः खऱ्या निघाल्या, शेवटच्या दोन साफ खोट्या निघाल्या, आणि पाचांपैकी एकीचेही पूर्ण नाव त्या ओळीत नव्हते. घराच्या डिझाइनसाठी संगणक घेऊ पाहणाऱ्यांना पुण्यात अशी कोटेशने रोज मिळतात, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

मी कोथरूडला राहते आणि घरूनच इंटिरियरची लहान कामे घेते. आमच्या भागात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात चालू असल्यामुळे माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे बिल्डरने दिलेला पीडीएफ प्लॅन घेऊन येतात, आणि सुताराला काम सांगण्याआधी ओटा, वॉर्डरोब, देवघर हे सगळे आपल्या खोलीत कसे बसेल ते त्यांना डोळ्यांनी पाहायचे असते. त्यासाठी स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करणे आणि मग रेंडर, म्हणजे त्याचे खऱ्या फोटोसारखे चित्र, काढणे हे माझे काम. जुन्या लॅपटॉपवर ते जमेनासे झाले होते. अशा वेळी समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीतून हा विक्रेता मिळाला. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्याचे दुकान होते, भिंतीला रिकामी कॅबिनेट रचून ठेवलेली होती, आणि बोलण्यात तो अत्यंत नम्र होता.

त्याने स्वतःच्याच पेनड्राइव्हवरचे मॉडेल उघडून दाखवले. रिकाम्या खोल्यांचा एक फ्लॅट, पांढऱ्या भिंती, फर्निचर नाही, लाकडाचे टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेले चित्र, नाही. ते मॉडेल पडद्यावर गरगर फिरत होते. “बघा मॅडम, कुठे अडकतंय का?” असे त्याने विचारले, आणि खरोखरच कुठे अडकत नव्हते. निघताना त्याने दोन सूचना दिल्या. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, अपडेट करायचा नाही, कारण त्याने सेटिंग व्यवस्थित करून दिलेले आहे. आणि अँटिव्हायरस बंदच ठेवायचा, कारण तो डिझाइनच्या सॉफ्टवेअरना उगाच त्रास देतो. या दोन सूचना कोणत्याही विक्रेत्याच्या तोंडून एकत्र ऐकू आल्या, तर तिथेच व्यवहार थांबवावा. प्रामाणिक मालाला अशा अटी लागत नाहीत.

घरी आल्यावर लहान मॉडेले ठीक चालली. पुढे एका २ बीएचके फ्लॅटचे पूर्ण काम उघडले, ज्यात मॉड्युलर किचन, सोफा, पडदे, व्हिनिअरचे आणि टाइल्सचे टेक्सचर असे सगळे होते, तेव्हा रेंडर सुरू करताच पडदा काळा होऊ लागला. विक्रेत्याने फोनवर सांगितले की मॉडेल जड आहे, फर्निचर कमी करा. ग्राहकाला फर्निचर दाखवण्यासाठीच हा खटाटोप असताना फर्निचर कमी करायचे, हा सल्ला मला अजूनही थोर वाटतो. शेवटी मी ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, म्हणजे एनव्हिडियाच्या साइटवरून, अधिकृत ड्रायव्हर घेऊन टाकला. त्यानंतर कार्डाने काम करणेच सोडले आणि पडद्यावरची अक्षरे मोठी व ओबडधोबड दिसू लागली.

तेव्हा तो सीपीयू रिक्षात घालून मी तपकीर गल्लीत दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेला. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी कॅबिनेट उघडण्याच्याही आधी ते फिरवून मागची बाजू पाहिली आणि विचारले, “ताई, हे कार्ड १०५० टीआय आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? मागे व्हीजीए बघितलंत का?” कार्डाच्या मागे निळ्या रंगाचे, पंधरा छिद्रांचे, जुन्या मॉनिटरची वायर लावायचे सॉकेट होते. जीटीएक्स १०५० टीआय एनव्हिडियाच्या ज्या पास्कल पिढीचे कार्ड आहे, त्या पिढीच्या चिपमधून या सॉकेटला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्या नावाच्या कार्डावर हे निळे सॉकेट दिसले की संशय घ्यावा. मग त्यांनी कॅबिनेट उघडले. कार्डाला सहा पिनांची वेगळी पॉवरची वायर जोडलेली होती. १०५० टीआयला ७५ वॉट पुरतात आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना अशी वायर लागत नाही. पंख्याच्या आवरणावरचे स्टिकर नवे कोरे होते, पण खालच्या पट्टीवर आधीचे लेबल खरवडून काढल्याचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

त्यानंतर त्यांनी जीपीयू-झेड नावाचे लहानसे, विनामूल्य सॉफ्टवेअर चालवले. विंडोज ग्राफिक्स कार्डाचे नाव दाखवते ते कार्डाने आणि त्याच्या ड्रायव्हरने सांगितलेले नाव असते. कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, खोटे नाव भरले आणि जोडीला फेरफार केलेला ड्रायव्हर दिला, तर टास्क मॅनेजरही तेच खोटे नाव दाखवतो. जीपीयू-झेड प्रत्यक्ष चिप ओळखते, आणि २०१८ पासून अशा बनावट एनव्हिडिया कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ हा शब्दही दाखवते. माझ्या कार्डावर तो शब्द आला. आतली चिप २०११ साली बाजारात आलेल्या जीटीएक्स ५५० टीआयची होती. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, असतात, यात १९२ होते. आणि ४ जीबी म्हणून दाखवली जाणारी मेमरी प्रत्यक्षात १ जीबी होती. रिकाम्या खोल्यांचे मॉडेल त्या १ जीबीत सहज मावत होते, टेक्सचर भरलेले घर मावत नव्हते, आणि विक्रेत्याने दाखवण्यासाठी रिकामे घर का निवडले होते हेही तिथेच उलगडले.

प्रोसेसर खरोखरच आय-सेव्हन होता. फक्त तो आय-सेव्हन २६०० होता, म्हणजे २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा. ‘आय-सेव्हन’ हे कुळाचे नाव आहे. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. डेस्कटॉप प्रोसेसरच्या चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढीचा असतो, पाच आकडी क्रमांकात पहिले दोन, त्यामुळे २६०० ही दुसरी पिढी आणि १२७०० ही बारावी. अलीकडचा साधा आय-थ्री या जुन्या आय-सेव्हनपेक्षा स्केचअपसाठी अधिक उपयोगी पडतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर स्वीकारते आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे इतके जुने यंत्र घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून आडवाटेने बसवलेली किंवा सपोर्ट संपलेली विंडोज वापरावी लागते. माझ्या संगणकात ती आडवाटेने बसवलेली होती.

सॉफ्टवेअरचा भाग मला कार्डापेक्षाही गंभीर वाटतो, कारण खोटे कार्ड फक्त काम अडवते. ‘लाइफटाइम लायसन्स’ म्हणून दिलेली ऑटोकॅड आणि स्केचअप प्रो ही दोन्ही सॉफ्टवेअर क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सची तपासणी मोडून फुकट चालवलेली होती. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने कायमस्वरूपी लायसन्स विकणे २०१६ सालीच बंद केले आणि स्केचअपने २०२० साली. आज दोन्ही वर्गणीवरच मिळतात. म्हणून यांच्या चालू आवृत्तीचे नवे लाइफटाइम लायसन्स कोणी विकत असेल, तर किंमत ऐकण्याचीही गरज नाही. काही विक्रेते ‘तुमच्याच ई-मेलवर खरे लायसन्स चालू करून देतो’ असे सांगतात. ते पुष्कळदा विद्यार्थ्यांसाठी मोफत असलेले शैक्षणिक लायसन्स असते, ज्याचा व्यावसायिक कामासाठी वापर करता येत नाही. अँटिव्हायरस चालू केल्यावर माझ्या संगणकात क्रॅकच्या फाइलबरोबर आलेला ट्रोजन, म्हणजे लपून शिरणारा घातक प्रोग्रॅम, सापडला, आणि मला दुसऱ्या यंत्रावरून सगळे पासवर्ड बदलावे लागले. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवसायासाठी वापर नसेल तर कैदेतून सूट देण्याची तरतूद आहे, पण इंटिरियरची कामे घेणाऱ्याला ती लागू पडणे कठीण. विक्रेता मात्र पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

वास्तविक, स्वतःच्याच घराचा आराखडा करायचा असेल तर विकत काही घ्यावेच लागत नाही. स्वीट होम थ्रीडी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात वरच्या बाजूला प्लॅन काढत गेले की खालच्या बाजूला खोली उभी राहते, आणि ते साध्या घरगुती लॅपटॉपवरही चालते. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी पुरते. ब्लेंडर पूर्णपणे विनामूल्य आहे आणि व्यवसायासाठीही चालते, मात्र ते शिकायला चिकाटी लागते.

आधी सॉफ्टवेअर ठरवावे आणि मग यंत्र, हा क्रम पाळला की विक्रेत्याच्या बोलण्याला फारसा वाव उरत नाही. स्केचअपमध्ये मॉडेल करण्याचे काम मुख्यतः एकाच कोअरवर चालते, म्हणून तिथे कोअरच्या संख्येपेक्षा प्रोसेसरची पिढी आणि वेग महत्त्वाचा. प्रोसेसरवर रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरना उलट जितके कोअर अधिक तितके चांगले. ल्युमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, डी-फाइव्ह ही रेंडरची सॉफ्टवेअर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतात, आणि तिथे कार्डाची स्वतःची मेमरी हाच कळीचा मुद्दा असतो. अशा बहुतेक सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर किमान आणि शिफारस केलेले कार्ड नावानिशी दिलेले असते. ते पान छापून दुकानात न्यावे. लॅपटॉप घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्याच नावाचे कार्ड लॅपटॉपमध्ये बहुधा कमी वॉटवर चालते, आणि ते वॉट मॉडेलगणिक बदलतात. मॉडेलही अवाजवी जड करू नये : थ्रीडी वेअरहाउस या स्केचअपच्या तयार मॉडेलांच्या संग्रहातून उतरवलेला नक्षीदार झुंबराचा एक नमुना कधीकधी उरलेल्या संपूर्ण घरापेक्षा जड असतो, आणि न वापरलेले घटक फाइलमधून पर्ज केले, म्हणजे काढून टाकले, की फरक लगेच जाणवतो. चाक असलेला साधा माउस मात्र हवाच, कारण स्केचअपमध्ये मॉडेल फिरवायची सर्वांत सोयीची रीत म्हणजे चाक दाबणे.

दुकानात पैसे देण्यापूर्वी कोटेशनवर प्रत्येक भागाचे कंपनीसह पूर्ण मॉडेल लिहून मागावे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमचा प्रकार, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा), यातले काहीही ‘४ जीबी ग्राफिक्स’ अशा थाटात लिहिलेले चालवून घेऊ नये. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला ते लिहिणे का नको आहे हे उघड आहे. जीपीयू-झेड आणि प्रोसेसर ओळखणारे तसेच सीपीयू-झेड आपल्या समोर, त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवून चालवायला सांगावीत. आपली सर्वांत जड फाइल पेनड्राइव्हवर नेऊन त्याच यंत्रावर, चाचणी-आवृत्तीत का होईना, रेंडर करून पाहावी. कार्डाच्या खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळवून तोच बिलावर घालून घ्यावा.

बिलाबाबतही सांगायला हवे. मला मिळालेल्या कागदावर ‘एस्टिमेट’ असे छापलेले होते, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि यूपीआयचे पैसे दुकानाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर गेले होते. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही तो कोणाच्या नावावर आहे ते तपासता येते. पक्के बिल नव्हते म्हणून तक्रारच होत नाही, असे मात्र नाही. यूपीआयची नोंद आणि मोबाइलवरचे संदेशही पुरावा म्हणून जोडता येतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नोंद केल्यावरही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षांची आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, अशी हरकत विक्रेते घेतात. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळलेली आहे.

वकिलामार्फत नोटीस गेल्यावर विक्रेत्याचा फोन आला. “मॅडम, ते कार्ड आणून द्या, दुसरं बसवून देतो, कशाला वाढवताय?” मी सिरियल नंबरसह कार्ड परत मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच मागितली, तेव्हा ती द्यायला त्याने नकार दिला. त्यामुळे कार्ड माझ्याकडेच आहे, आणि मागच्या सॉकेटची छायाचित्रे, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट व तपकीर गल्लीतल्या त्या गृहस्थांनी त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलेला अहवाल मी तक्रारीला जोडला आहे. अशी तक्रार करायची असल्यास खराब निघालेला भाग पोचेशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये, कारण गरज पडल्यास आयोग तो मोहोरबंद करून प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो, आणि तोपर्यंत तो आपल्याकडे असावा लागतो.