थर्मोकपलच्या मिलिव्होल्टचं टेंपरेचर काढायला कुठलं टूल चांगलं, माझा अनुभव

फर्नेसचा (भट्टीचा) कंट्रोलर दाखवतो तो आकडा खरा कशावरून, असं ऑडिटला कुणी विचारलं की शेवटी थर्मोकपलला (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडलेला सेन्सर, तापला की थोडे मिलिव्होल्ट देतो) मीटर लावून मिलिव्होल्टच बघावे लागतात, आणि मग त्या मिलिव्होल्टचं टेंपरेचर करायचं कशाने हा प्रश्न येतो. नेटवर शोधलं तर ढीगभर कॅल्क्युलेटर सापडतात पण भरवसा ठेवावा असे त्यात थोडेच आहेत.

माझी पहिली पसंती अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण मापनाच्या संस्थेचा आयटीएस-९० (टेंपरेचरचं आंतरराष्ट्रीय स्केल) थर्मोकपल डेटाबेस, आणि ती बदलेल असं वाटत नाही. फुकट आहे, बी पासून टी पर्यंत आठही टाईप (धातूंच्या जोडीप्रमाणे थर्मोकपलला दिलेली अक्षरं) आहेत, एकेक डिग्रीचं टेबल मिळतं आणि कोएफिशियंट्सची (सूत्रातल्या गुणकांची) साधी टेक्स्ट फाईल उतरवून घेता येते. दिसायला जुनाट आहे, पण हे आकडे निस्टच्या १९९३ च्या मोनोग्राफ १७५ मधले आहेत आणि बाकी सगळी टूल्स शेवटी त्यांच्यावरच चालतात, मग मूळच हाताशी का ठेवू नये?

ऑनलाईन कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर आधी एक परीक्षा घ्या. के टाईप, ३३.२७५ मिलिव्होल्ट, कोल्ड जंक्शन (थर्मोकपलच्या तारा मीटरला जोडतात ते टर्मिनल) ० डिग्रीला, उत्तर ८०० डिग्री यायला हवं. मग ३२.०७२ मिलिव्होल्ट आणि कोल्ड जंक्शन ३० टाका, परत ८०० च आलं पाहिजे. कोल्ड जंक्शनचा रकानाच नसेल तर ते पान सरळ बंद करा. काही जण म्हणतात की नंतर रूम टेंपरेचर मिळवलं की झालं, पण नाही हो, टर्मिनलच्या टेंपरेचरचे मिलिव्होल्ट मिळवायचे असतात, डिग्री नाही. के टाईपला ही चूक जेमतेम एक डिग्रीची होते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण एस टाईपला १००० डिग्रीवर टर्मिनल ३० ला असेल तर तब्बल १५ डिग्री जास्त दाखवेल, कारण एस टाईप कमी टेंपरेचरला दर डिग्रीमागे अगदी कमी व्होल्टेज देतो आणि वर त्याच्या जवळजवळ दुप्पट.

एक्सेल शीट स्वतः बनवणार असाल तर के टाईपला जपून. टेंपरेचरवरून मिलिव्होल्ट काढायच्या सूत्रात ० च्या वर नेहमीच्या पॉलिनॉमियलशिवाय एक एक्स्पोनेन्शियल टर्म असते, आणि फिरत फिरत आलेल्या शीट्समध्ये नेमकी तीच गायब असते. १२७ डिग्रीच्या आसपास ती ०.११८६ मिलिव्होल्ट भरते, म्हणजे जवळपास ३ डिग्री गेले. उलटं, म्हणजे मिलिव्होल्टवरून टेंपरेचर काढताना ती टर्म लागत नाही, पण तिथे -२०० ते ०, ० ते ५०० आणि ५०० ते १३७२ असे तीन वेगळे सेट आहेत, एकच सेट सगळीकडे लावून चालत नाही. आणि कोएफिशियंट्स राउंड करू नका प्लीज.

पायथन येत असेल तर थर्मोकपल्स रेफरन्स नावाचं पॅकेज मस्त आहे, टाईप, मिलिव्होल्ट आणि रेफरन्स टेंपरेचर दिलं की उत्तर हातात, लॉगरचा (रीडिंग साठवणाऱ्या यंत्राचा) डेटा प्रोसेस करायला मी हेच सांगेन.

आता आर्डुइनोवाल्यांची (छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डावर प्रयोग करणाऱ्यांची) आवडती मॅक्स ३१८५५ चिप, थर्मोकपल थेट वाचणारी. कोल्ड जंक्शन ती स्वतः बघते हे छानच, पण के टाईपला ती सगळीकडे ४१.२७६ मायक्रोव्होल्ट प्रति डिग्री असा एकच सरळ उतार धरते, आणि टेबलमध्ये १००० डिग्रीला बरोबर ४१.२७६ मिलिव्होल्टच आहेत. त्यामुळे ५०० ला आणि १००० ला ती साधारण एका डिग्रीच्या आत बसते पण मध्ये ८०० ला ८०७ दाखवते, आणि हार्डनिंगच्या (तापवून पोलाद कडक करण्याच्या) कामात ७ डिग्री म्हणजे गंमत नाही. नवीन घेताय तर मॅक्स ३१८५६ घ्या, तिच्यात लिनियरायझेशन (वाकड्या उताराची दुरुस्ती) आतच होतं आणि आठही टाईप चालतात. ३१८५५ आधीच बोर्डावर असेल तर फेकायची गरज नाही, तिच्या रीडिंगमधून तिचंच आतलं टेंपरेचर वजा करा, ०.०४१२७६ ने गुणून मिलिव्होल्ट परत मिळवा, त्यात त्या आतल्या टेंपरेचरचे टेबलमधले मिलिव्होल्ट घाला आणि मग निस्टचं उलटं सूत्र लावा, फर्मवेअरमध्ये थोड्याच ओळींचं काम आहे.