दंडाला पट्टा, हाताला कणीक: २४ तासांची बीपी तपासणी

५ पैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पट्ट्यावरून कापलाय, एक फॉर्मवरून.

मी घरून पोळी-भाजीचे डबे देते, रोज ३२. दवाखान्यात गेले की माझं बीपी १६०च्या घरात. गेल्या तीन खेपांना १५८, १६२, १६०, खालचा आकडा ९४-९६. घरच्या मशीनवर मात्र १३०च्या आसपास. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाले, एकदा २४ तासांचं मोजून घेऊ.

लॅब घराजवळच. १,८०० रुपये, आधी भरायचे. तिथल्या मुलाने डाव्या दंडाला पट्टा बांधला. जेमतेम पुरत होता. "काकू, बसतोय की!" बसत होता, पण वेलक्रो निम्मंच चिकटत होतं. पट्टा लहान पडला की आकडा उगाच जास्त येतो, हे घरचं मशीन घेतानाच मला कळलं होतं. मोठा द्या म्हटल्यावर कपाटं धुंडाळून दहा मिनिटांनी सापडला. जाड दंडाची बाई तिथे मी एकटीच जाते की काय!

मग कमरेला डबी. दिवसा दर अर्ध्या तासाने, रात्री तासाने ती गुरगुरते आणि पट्टा आवळतो. तेवढ्यापुरता हात सैल सोडून गप्प राहायचं. हात हलला तर आकडा येत नाही आणि मशीन थोड्या वेळाने पुन्हा आवळतं. तव्यावर पोळी असतानाच नेमकं आवळायचं, दोन करपल्या. अंघोळ नाही, हे मात्र निघताना, दारात सांगितलं. दिवसभर काय केलं ते लिहायचा फॉर्म इंग्रजीतच. मी मराठीत भरला, कोणी काही बोललं नाही.

रिपोर्ट मात्र वाचण्यासारखा. ४० पैकी ३६ आकडे नीट आलेले. सकाळी ११ ला लॅबमध्ये १५६, साडेअकराला घरी १३४. दुपारी आडवी झाले तेव्हा ११२. सकाळी साडेसातला १४७: डबे नेणारा मुलगा खाली हॉर्न वाजवत होता आणि तीन डबे भरायचे राहिले होते. माझा अख्खा दिवस कुणीतरी आकड्यांत लिहून ठेवलाय असं वाटलं.

दिवसाची सरासरी १२९/७८, रात्रीची १२१/७२, २४ तासांची १२६/७६. इथे एक गोष्ट मला नवीन होती: दवाखान्यातली रेघ १४०/९०ची, पण या तपासणीत २४ तासांच्या सरासरीला १३०/८०, दिवसाला १३५/८५ आणि रात्रीला १२०/७०. म्हणजे रात्री मी रेघेच्या जरा वरच. झोपेत वरचा आकडा १० ते २० टक्के उतरायला हवा, माझा ६ टक्केच उतरला. पण दर तासाला दंड आवळून जाग येत असेल तर उतरणार कसा? डॉक्टरांनीही ते मान्य केलं. गोळी नाही, मीठ कमी, सहा महिन्यांनी पुन्हा.

त्यांनीच सांगितलं, इटलीत जुझेप्पे मान्चा या डॉक्टरांनी १९८३ साली धमनीतून सलग दाब मोजून पाहिला होता. डॉक्टर खाटेजवळ आले की पेशंटचा वरचा आकडा सरासरी २७ च्या आसपास चढायचा. माझा तर ३०ने चढतो. हे ऐकून जरा बरंच वाटलं.

उलटंही असतं म्हणे. दवाखान्यात झकास, बाहेर चढलेलं. आमच्या ह्यांचं दवाखान्यात १२८ येतं आणि त्यावर ते मला महिनाभर लेक्चर देतात. पुढच्या आठवड्यात त्यांची अपॉइंटमेंट घेतली आहे. त्यांना लहान पट्टा पुरेल.