होडीची 9.9 ची मोटार: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यात लहान होडीला मागे टांगायची आउटबोर्ड मोटार 9.9 अश्वशक्तीचीच का, हे इथल्या मच्छीमाराला सांगायला नको. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत 10 अश्वशक्तीपर्यंतच्या, गिलनेट (माशांचे कल्ले अडकणारं जाळं) लावणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना सूट असते. नवी होडी घेताना अडतं ते टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर. सारख्याच फायबर होड्यांवर दोन्ही आठ महिने चालवल्यावर मत ठाम झालं: होडी जेटीला बांधत असाल तर फोर-स्ट्रोक, रोज रेतीवर ओढत असाल तर टू-स्ट्रोक.

पूर्ण थ्रॉटलवर टू-स्ट्रोक तासाला साधारण 5 लिटर पेट्रोल पिते, फोर-स्ट्रोक 4 च्या आसपास. टू-स्ट्रोकला वर पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल वेगळं: 50:1, म्हणजे 24 लिटरच्या टाकीला 480 मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू-3 (होडीच्या टू-स्ट्रोक मोटारींसाठीचं) च हवं. मोटारसायकलचं घातलं की प्लग काळे पडतात, रिंगा चिकटतात. जाळं ओढताना मंद गतीत फोर-स्ट्रोक शांत चालते, धूर तोंडावर येत नाही.

मग दक्षिण गोव्यात बाणावली-कोलव्याच्या रेतीवर टू-स्ट्रोकच का? तिथे मोटार काढून खांद्यावरून न्यावी लागते. फोर-स्ट्रोकचं चार-सहा किलो जास्तीचं वजन तर जाणवतंच, पण ती ठरलेल्या कुशीवरच आडवी ठेवावी लागते. चुकीच्या कुशीवर ठेवली तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टची दोरी ओढली जात नाही. अशा वेळी जोर लावू नका. प्लग काढा, दोरी हळूहळू ओढून ऑइल बाहेर पडू द्या.

दोन्हींचा खरा शत्रू एकच, तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. मोटारीच्या पंख्यामागे (प्रोपेलर) गुंडाळला की तो शाफ्टचं सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. आठवड्यातून एकदा कॉटर पिन आणि नट काढून पंखा उतरवा, त्यामागच्या थ्रस्ट वॉशरच्या (जाड चकतीच्या) मागे बघा. महिन्यातून एकदा, होडी समुद्रात काढण्याआधी, गिअरकेसचा (गिअर आणि त्यांचं ऑइल असलेल्या खालच्या पेटीचा) खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून पहिल्या थेंबातच कळतं. थेंब दुधाळ चहासारखा दिसला तर सील गेलं. नवं ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

शापोरा नदीच्या तोंडावर ओहोटीला रेती ढवळते आणि इंपेलर, म्हणजे कूलिंगच्या पंपातला रबरी पंखा, झिजतो. कूलिंगच्या पाण्याची धार बारीक झाली तर आधी ती जिथून बाहेर पडते त्या भोकात तंगूसचा तुकडा घालून साफ करा. तरी सुधारली नाही तर इंपेलर काढा. त्याचं पातं तुटलेलं असेल तर तुकडा सापडेपर्यंत शोधा. तो वर थर्मोस्टॅटपाशी अडकून मोटार तापवतो.

इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं, त्यामुळे टाकी आणि मोटारीमध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवाच. फोर-स्ट्रोकच्या कार्बुरेटरचे जेट फार बारीक, तिला हे जास्त भोवतं. दोन-चार दिवस होडी उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढून मोटार आपोआप बंद होईपर्यंत चालवा.

कापलेल्या निळ्या ड्रममध्ये गोडं पाणी भरून, न्यूट्रलला दहा मिनिटं धुणं रोजचंच. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपेक्षा उंच हवं, नाहीतर पंप कोरडा फिरतो.