अमेरिकेतल्या डेन्व्हरचं गांजाचं दुकान: माल चोख, व्यवहार रोख (भेट: जुलै 2023)

दुकान सोनाराच्या पेढीसारखं लखलखीत. दारातच ओळखपत्र बघतात, 21 च्या खाली प्रवेश नाही. गुडघ्यासाठी मलम आणि आंब्याच्या गमीज (चघळायच्या गांजाच्या गोळ्या) घेतल्या. पाकिटात 100 मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), एका गमीत 10. "अर्धीच खा, दोन तास थांबा," असं काउंटरवरच्या पोराने बजावलं, जास्त गळ्यात मारायला गेला नाही. त्याला पैकीच्या पैकी.

क्रेडिट कार्ड मात्र चालत नाही. डेन्व्हरच्या कोलोरॅडो राज्यात 2014 पासून राजरोस विक्री आहे, पण 1970 च्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला, सगळ्यात कडक बंदीच्या पहिल्याच वर्गात बसवलंय. त्यामुळे कार्ड कंपन्या हात वर करतात. दुकानातच एटीएम, वर त्याचं कमिशन! याच वर्गवारीमुळे भाडं-पगारही दुकानदाराला केंद्राच्या आयकरातून वजा करता येत नाही. तो भुर्दंड शेवटी आपल्याच खिशाला.

ग्रीन कार्डवाल्यांनो, इकडे फिरकू नका. राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात अंगाशी येऊ शकतं, अगदी अशा दुकानात नुसती नोकरी केली तरी. माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे म्हणून मी गेले.

गमीज छान. मलम ठीकठाक, आयोडेक्स स्वस्तात पडतं.